सोळा आणे जमीन

आमच्या लहानपणी जुनी माणसं तापीकाठच्या काळ्या रानाला ‘सोळा आणे जमीन’ म्हणत. ऐकताना ही नुसती बोलायची रीत वाटते, पण हा आणा मुळात सरकारी दप्तरातला आहे, मंडळी!

खानदेश १८१८ साली इंग्रजांकडे गेला. सारा किती घ्यायचा, हे ठरवायला जमिनीची प्रत ठरवणं आलंच. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर भागात बसवलेली पद्धत १८४७ च्या अहवालात पक्की झाली. शेताचे कागदावर सारखे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात खणायचं आणि मातीची खोली हाताने मोजायची. बारीक पोताची काळी माती पावणेदोन हात खोल लागली, तर १६ आणे. तीच एक हात असेल तर १०, आणि पाव हात असेल तर साडेचार. शिवाय चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणं असे दोष निघाले, की दर दोषाला प्रत एक पायरी खाली! सर्वांत हलकी प्रत २ आण्यांची.

हे सगळं साऱ्यासाठी होतं, हे विसरायला नको. १८५२ मध्ये मोजणी खानदेशात आली, तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोलकडचे लोक तिच्याविरुद्ध उठले आणि सरकारला सैन्य आणावं लागलं. सातबाऱ्यावर आज दिसणारा ‘आकार’ हा त्याच प्रतबंदीचा वारसा.

आता २०१५ साली आलेली जमीन आरोग्य पत्रिका पाहा. हिचा हेतू सारा नाही, शेतकऱ्याचं भलं. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन अशा १२ गोष्टी ती सांगते. यातलं काहीच त्या काळच्या कारकुनाला कळणं शक्य नव्हतं. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली, म्हणजे जमीन भुकेली. शहादा-तळोद्याच्या ऊस, केळी, पपईच्या रानांना हे कळणं फार गरजेचं आहे.

पण एक गोष्ट मला खटकते. नमुना घेतात तो वरच्या १५-२० सेंटीमीटरचा. सुरुवातीच्या नियमात तर जिरायतीत १० हेक्टरला एकच नमुना होता. त्याखाली माती किती उरली आहे, हे पत्रिका सांगत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या उतारांवर तर खरा प्रश्न तोच! तिथे पावसाबरोबर मातीच निघून जाते आणि खाली मुरूम उघडा पडतो. नत्र पोत्यातून आणता येतं. गेलेली माती तयार व्हायला मात्र शेकडो वर्षं लागतात. वसुली करणाऱ्याने मोजलेली खोली औषध देणाऱ्याने सोडून द्यावी, ही इतिहासाची गंमतच म्हणायची.

म्हणून गावाकडे शेती असलेल्या माझ्या सगळ्या भाचे-पुतण्यांना सांगणं आहे. पत्रिका जरूर काढा. पण बांधापासून ठरावीक पावलांवर एक जागा पक्की करा, दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात तिच्या अगदी शेजारी खणा, मुरूम लागेपर्यंत मोजा आणि तो आकडा तारखेसह पत्रिकेच्या मागे लिहून ठेवा. एका आकड्यातून काही कळत नाही. दहा वर्षांचे चार आकडे समोर आले, की बांध घालायचा की नाही, हे कुणाला विचारावं लागणार नाही.