बुचांचं वस्त्र

फाल्गुन अमावास्येची दुपार टळली आहे. वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीवर माथा टेकवून तुम्ही बाहेर आलात. पुण्यतिथीची गर्दी अजून हटलेली नाही. कोरेगाव भीमाकडं जाणाऱ्या रस्त्याला गाड्यांची रांग लागलीय आणि लिंबू-सोड्याच्या गाडीपाशी उभं राहायला जागा नाही. तिथं तुमच्या चपलेखाली काहीतरी कचकन रुततं. वाकून बघता तर सोड्याच्या बाटलीचं बूच. आसपास तसली कितीतरी, काही नवी कोरी, काही मातीत पार दबून गेलेली.

एक उचला. कडेचे दात मोजा, 21 भरतील. बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरनं 1892 साली या बुचाचं पेटंट घेतलं तेव्हा ते 24 होते, पुढं तीन गळले. लहानपणी तुम्ही हेच बूच दगडानं ठेचून चपटं केलंत, त्याला दोन भोकं पाडलीत, दोरा ओवलात आणि गुणगुणणारी भिंगरी फिरवलीत. आज भिंगरी करायची नाही. बूच मुठीत धरा आणि मूठ मिटा. आपलं यंत्र एवढंच आहे. ते कसं चालतं हे विचारू नका, मलाही ठाऊक नाही.

पहिला मुक्काम इथलाच. साल तेवढं 1689.

भीमेच्या काठानं नजर जाईल तिथवर कापडच कापड दिसतंय. ही औरंगजेबाची छावणी. मधोमध बादशाही डेऱ्याच्या लाल कनाती, भोवती सरदारांचे तंबू, पलीकडं बाजारवाल्यांच्या राहुट्या. तारीख 11 मार्च. त्या दिवशी इथं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. ते बघायला आपण आलेलो नाही, आणि ज्याला ते बघवेल त्याच्या सोबतीनं प्रवास करायची माझी तयारी नाही. पश्चिमेकडं वळा, घाट उतरा.

मुंबईत त्याच वर्षी जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानानं इंग्रजांना किल्ल्यात कोंडून ठेवलंय. याच सिद्द्यांच्या जंजिऱ्याला संभाजी महाराजांनी 1682 साली वेढा घातला होता. सिद्दी मूळचे आफ्रिकेच्या पूर्वेकडले. आफ्रिका फार लांब आहे असं आपल्याला वाटतं ते शाळेतल्या नकाशामुळं. 1689 सालच्या मराठी माणसाला तसं वाटलं नसतं, त्याच्या किनाऱ्यावर ती तोफा रोखून उभी होती.

आता सुरतेहून निघालेल्या एखाद्या गाठीवर बसा. गाठीत बाफ्ता आहे, पट्ट्यापट्ट्यांचं सुती कापड आहे. ते लंडनला उतरतं, लिलावात विकलं जातं, पुन्हा बांधलं जातं आणि रॉयल आफ्रिकन कंपनीच्या गलबतातून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला, आजच्या घानातल्या केप कोस्टच्या किल्ल्याला लागतं. तिथं कापड, बंदुका, पितळी भांडी आणि दारू यांच्या मोबदल्यात माणसं विकत घेतली जातायत. ती माणसं कॅरिबियन बेटांवर उसाच्या मळ्यात जाणार, उसाची साखर होणार, साखरेच्या मळीची रम होणार, आणि तीच रम पिंपांत भरून पुन्हा आणखी माणसं आणायला याच किनाऱ्यावर येणार. आपल्याकडच्या विणकराला या चक्राचा पत्ता नव्हता, पण त्याचं कापड त्यात होतं. ती कोंडलेल्या किल्ल्याच्या तळघराच्या तोंडाशी घटकाभर थांबून बघा. नको वाटलं तर मूठ घट्ट करा, अडीचशे वर्षं पुढं जाऊ.

अन्याको, केटाच्या खाजणाकाठचं गाव. साल 1944. देश ब्रिटिशांचा आणि नाव गोल्ड कोस्ट. एवे लोकांच्या या गावात पुरुष मागावर बसतात. माग अगदी अरुंद, त्यावर हाताच्या पंजाएवढ्या रुंदीची लांबच लांब पट्टी निघते. ताणा समोर अंगणभर पसरलेला असतो आणि त्याच्या टोकाला दगडाचं वजन बांधलेलं असतं. पट्टी विणत जाईल तसा तो दगड मातीत रेघ ओढत विणकराकडं सरकतो. विणकरानं वया हलवायच्या दोऱ्या पायाच्या बोटांत धरल्यायत. पट्टी पुरी झाली की तिचे तुकडे करायचे, ते शेजारीशेजारी लावून शिवायचे आणि त्यातून अंगभर पांघरायचं केंटे वस्त्र करायचं. पट्ट्या नुसत्या जोडून भागत नाही. एकीतला लाल दुसरीतल्या पिवळ्याशेजारी नेमका कुठं येणार हा हिशेब विणतानाच मनात धरावा लागतो.

याच गावच्या एका विणकराच्या घरी यंदा मुलगा झालाय. बत्तीस भावंडांतलं शेंडेफळ. नाव एल अनात्सुई. आई लवकर जाईल आणि पोर मिशनच्या आवारात काकांकडं वाढेल. घरातले पुरुष मागावर बसत असताना हा मात्र विणकाम शिकणारच नाही. पुढं जगभरचे समीक्षक त्याच्या कामात केंटे शोधतील आणि ते त्यांना सापडेलही. पण ते बापानं हातात दिलेलं नव्हे, हुकलेलं केंटे आहे असं मला वाटतं.

कुमासीच्या कला महाविद्यालयातून तो 1969 साली बाहेर पडतो. तिथला अभ्यासक्रम बव्हंशी विलायती. (आपल्या जे. जे. स्कूलमधल्या जुन्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल.) शिकवलं ते पुरेना म्हणून हा गावातल्या कारागिरांत जाऊन बसतो. बाजारात माल मांडायची लाकडी तबकं घेतो आणि त्यांवर तापल्या सळईनं आदिंक्रा ही तिथली पारंपरिक चिन्हं उमटवतो. 1975 साली नायजेरियात, न्सुक्काच्या विद्यापीठात शिकवायला जातो. तिथलं बियाफ्राचं यादवी युद्ध संपून तेव्हा पाचच वर्षं झालेली असतात. तिथं फुटक्या मडक्यांची शिल्पं करतो. 1980 साली अमेरिकेत असताना यांत्रिक करवत हाती येते आणि पुढची कितीतरी वर्षं फळ्या चिरण्यात, जाळण्यात जातात. ही सगळी वर्षं आपण भरभर ओलांडू, कारण तुमच्या मुठीतलं बूच चुळबुळ करायला लागलंय.

1998, न्सुक्काच्या बाहेरचं रान. पायवाटेला तांबडी माती. पन्नाशी ओलांडलेला एक मास्तर नेहमीप्रमाणं पायाखाली बघत चाललाय. झुडपात एक पिशवी पडलेली दिसते. तो उघडून बघतो. आत दारूच्या बाटल्यांची झाकणं. तो पिशवी उचलतो, स्टुडिओत आणून ठेवतो आणि विसरतो. तुम्ही काहीतरी घडेल म्हणून डोळे लावून बसाल तर कंटाळाल. कित्येक महिने काही घडत नाही. मोठ्या कलावंतांच्या गोष्टींतून हा अडगळीत पडून राहिलेला काळ आपण गाळून टाकतो, म्हणून त्या गोष्टी खोट्या वाटतात.

मग एके दिवशी पिशवी पुन्हा उघडते. एक झाकण तळहातावर घ्या. तुमच्या सोड्याच्या बुचाहून हे वेगळं आहे. हे फिरकीचं, मऊ अ‍ॅल्युमिनियमचं. नखानं दाबलं तरी चेपतं, कात्रीनं कापता येतं. वरची चकती ठोकून सपाट करता येते. बाटलीच्या गळ्याभोवतीची पट्टी उलगडून चौकोनी घडी घालता येते किंवा पिळून काडी करता येते. लाल, सोनेरी, काळा, आतून चांदी. वर छापलेली नावं वाचा, नायजेरियाचा ताजा इतिहास वाचून होईल. दारूचा एक ब्रँड इकोमॉग, म्हणजे लायबेरियाच्या यादवीत उतरलेलं पश्चिम आफ्रिकी देशांचं सैन्य. दुसरा बकासी, म्हणजे कॅमेरूनशी ज्यावरून भांडण पेटलं ते द्वीपकल्प. तळघराच्या तोंडाशी उभे होतात ते आठवतंय ना? त्या गलबतांतून आली ती दारूच या झाकणांखाली होती, फक्त आता ती गावातच गाळली जाते. अनात्सुईनं स्वतःही हा धागा वेळोवेळी सांगितला आहे.

दाभणानं भोक पाडायचं, तांब्याची तार ओवायची, पीळ देऊन पुढच्याला जोडायचं. असे शेकडो तुकडे जोडल्यावर हातात येतं ते पत्र्यासारखं ताठ राहत नाही. घडी पडते, झोळ पडतो, चुणी पडते. धातूचं वस्त्र झालेलं असतं. पहिल्या दोन मोठ्या कामांची नावं ‘पुरुषाचं वस्त्र’ आणि ‘स्त्रीचं वस्त्र’ अशा अर्थाची. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

इथं तुमच्यातला कुणीतरी ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणणार, मला दिसतंय. कार्यानुभवाच्या तासाला आइस्क्रीमच्या काड्यांचा बंगला करणाऱ्या पिढीचा तो हक्कच आहे. पण ते इथं लागू नाही. टाकाऊतून टिकाऊ करताना वस्तूचं पूर्वायुष्य लपवायचं असतं. इथं ते वाचता यावं म्हणूनच छापलेली बाजू वर ठेवलीय.

आणि याच सुमारास, 1990चं दशक सरता सरता, मुंबईकडं बघा. शर्मिला सामंत ही मुंबईची कलावती बुचंच जोडतेय. ही बुचं तुमच्या मुठीतल्या जातीची, पोलादी, दातांची, कोका-कोलाची. ती कात्रीला दाद देत नाहीत. भोकं पाडून धातूच्या कड्यांनी एकेक अडकवावं लागतं. होते ती साडी. कामाचं नावच ‘हँडमेड साडी’. न्सुक्कात झाकणांनी गुलामांच्या व्यापारापर्यंत नेलं, इथं बूच आपल्याला 1977 सालात नेतं, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना कोका-कोला देशाबाहेर गेली तिथं, आणि मग 1993 सालात, ती परत आली आणि आपलं थम्स अपही तिनं विकत घेतलं तिथं. उदारीकरण अंगाला कसं बसतं ते दाखवायला कापडाहून योग्य वस्तू नव्हती. ही साडी नेसून बघायची कल्पना करा. वजनानं निऱ्या हातात राहणार नाहीत आणि पदर खांद्याला ओरबाडेल.

दोन खंडांवरच्या दोघांना एकाच सुमारास बूच सापडावं याला मी योगायोग म्हणत नाही. दोघंही बंदरांच्या देशांतले. बाहेरून बाटलीबंद काय येतं आणि त्याच्या बदल्यात काय जातं, हे दोन्हीकडच्या घराघरांत माहीत होतं. तरी अनात्सुईचं नाव कलेची जराशी आवड असलेल्याला ठाऊक आहे आणि सामंतांचं नाव मराठी वाचकाला सांगावं लागतं, याचं मात्र मला वाईट वाटतं.

पुन्हा न्सुक्का, आता कारखानाच म्हणा. लांबलचक खोलीत तरणी पोरं बाकांवर बसलीयत. परीक्षा आणि नोकरी यांच्या मधल्या दिवसांत कामाला येणारी. प्रत्येकजण आपापला ठोकळा विणतो. कुणाची तार घट्ट, कुणाची सैल, आणि मास्तर नुसत्या पिळावरून हात ओळखतो. वढूतली एखादी आजी गोधडीतला धावदोरा बघून ‘हे थोरलीनं भरलंय’ म्हणते तसंच. तयार ठोकळे जमिनीवर पसरले जातात. तो भोवती फिरतो, सरकवतो, फोटो काढतो, रात्री बघतो, सकाळी पुन्हा मोडतो. तुम्हीही एक तुकडा उचलून दुसरीकडं ठेवून बघा. तो रागावणार नाही. कारण काम पूर्ण झालं तरी ते कसं टांगायचं हे तो पक्कं करत नाही. घडी घालून, पेटीत भरून पाठवतो, आणि जिथं पोचेल तिथल्या माणसांनी हवी तशी चुणी पाडावी म्हणतो. संग्रहालयांतल्या लोकांची यानं फार पंचाईत होते. त्यांना सूचनांचा कागद लागतो.

2007, व्हेनिसचं द्वैवार्षिक प्रदर्शन. पालाझ्झो फोर्तुनीच्या जुन्या दर्शनी भिंतीवर एक वस्त्र सोडलंय. खालून विटा दिसाव्यात म्हणून त्यात मुद्दाम भोकं, फाटके भाग ठेवलेत. 2015 साली त्याच व्हेनिसमध्ये अनात्सुईला जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळतो.

शेवटचा मुक्काम लंडन, ऑक्टोबर 2023. टेट मॉडर्नचा टर्बाइन हॉल, पूर्वीच्या वीजकेंद्राचं आभाळाएवढं दालन. आत शिरताच समोर लाल शीड फुगलंय, वाऱ्याशिवाय. जवळ जा. शिडाचा प्रत्येक ठिपका म्हणजे दारूचं झाकण, चपटं केलेलं. मागच्या बाजूनं बघितलं तर पिवळं. शेजारचा एक लंडनकर नाव शोधतोय: ‘बिहाइंड द रेड मून’. टेट हे नाव साखरेच्या धंद्यातलं. हेन्री टेटची साखर गुलामगिरी कायद्यानं बंद झाल्यानंतरची असली तरी साखर तीच, बेटं तीच. सुरतेच्या गाठीवर बसून तुम्ही जो रस्ता धरला होता तो याच शहरातल्या लिलावघरातून गेला होता, तेव्हा त्या लंडनकराहून तुम्हाला हे शीड थोडं जास्त कळतं. त्याला सांगा हवं तर. वढूहून आलोय म्हणालात तर वढू कुठं आलं ते सांगण्यातच वेळ जाईल.

एप्रिल 2024मध्ये प्रदर्शन उतरलं. शीड घडी घालून पेटीत गेलं. त्याच वर्षी ते शांघायच्या पुडोंग कला संग्रहालयात लागलं, वेगळ्या दालनात, वेगळ्या उंचीवर, आणि ‘आफ्टर द रेड मून’ या बदललेल्या नावानं.