दोघांपुरती वहिवाट

नेवाशाच्या तहसील कचेरीत रस्त्याच्या केसेस कधी संपत नाहीत. शेजाऱ्याने बांधावर काटेरी फास टाकला, उसाची गाडी अडली, की शेतकरी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावतो. मग पंचनामा, चाकोरीच्या खुणा, साक्षी. आणि मुख्य सवाल एकच, वहिवाट किती जुनी? इथला वकील आंतरराष्ट्रीय कायद्यात एलएल.एम. करायला लायडनला गेला, तर पाठ्यपुस्तकातल्या रूढीच्या प्रकरणात त्याला अशीच एक रस्त्याची केस भेटते. तिचं मूळ पेशवाईत आहे.

१७७९ च्या पुणे तहात मराठ्यांनी पोर्तुगिजांना दमणलगतच्या गावांतून वर्षाला बारा हजार रुपयांचा वसूल कबूल केला. १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी त्यासाठी गावं लावून दिली. आजच्या दादरा-नगर हवेलीतली. १८१८ मध्ये भोवतालचा मुलूख इंग्रजांकडे गेला. पोर्तुगीज त्या गावांत धन्यासारखे वागत होते, इंग्रजांनी ते चालू दिलं. दमणहून माणसं, अंमलदार, माल सव्वाशे वर्षं मधल्या हद्दीतून बिनबोभाट ये-जा करत राहिले.

१९५४ मध्ये स्वयंसेवकांनी ही गावं मुक्त केली. त्यांत गायक-संगीतकार सुधीर फडकेही होते. भारताने वाट बंद केली. २२ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला.

तिथे न्यायाधीशांपुढे तहाचे पाठ आणि सनदा उघडल्या गेल्या. मुलूख कायमचा तोडून द्यायचा असे तेव्हा मराठे तसं स्पष्ट लिहीत. इथे होता निव्वळ सरंजाम, मागे घेता येणारा. म्हणजे मालकी दिलेलीच नव्हती. १२ एप्रिल १९६० च्या निकालात हक्क निघाला तो इंग्रजी अमदानीतल्या वहिवाटीवरून. दोनच राष्ट्रांत रूढी कशी होईल, हा भारताचा आक्षेप न्यायालयाने मानला नाही.

पण पायवाट सिद्ध झाली म्हणून गाडीवाट सिद्ध होत नाही. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि मालाला वाट मिळाली, ११ विरुद्ध ४ मतांनी. फौज, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रांना नाकारली गेली, ८ विरुद्ध ७ ने, कारण त्यांना आधीपासून परवानगी लागत असे. १९५४ ची अडवणूक तेव्हाच्या तणावामुळे भारताच्या नियंत्रणाच्या अधिकारात बसणारी ठरली.

२००९ मध्ये याच न्यायालयाने निकाराग्वाच्या सान हुआन नदीत कोस्टारिकाच्या काठावरच्या रहिवाशांना पोटापुरती मासेमारी करण्याचा हक्क दिला; आधार पुन्हा वहिवाटीचाच.