लॉग सारणी

गुणाकार, भागाकार, घात आणि मुळे काढण्यासाठी वर्गात वापरली जाणारी, चार दशांश स्थळांपर्यंतच्या किमतींची सारणी. विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘लॉग टेबल’. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या परीक्षेत कॅल्क्युलेटरला मनाई आहे, लॉग सारणी मात्र चालते. म्हणून ती आजही हाताखाली असते.

10 चा कितवा घात घेतला की दिलेली संख्या मिळते, तो घातांक म्हणजे त्या संख्येचा लॉग. घातांकांची बेरीज केली की मूळ संख्यांचा गुणाकार होतो, एवढ्यावर सारे उभे आहे. लॉगचे दोन भाग असतात. पूर्णांश संख्येकडे पाहूनच लिहायचा, अपूर्णांश सारणीतून घ्यायचा.

सारणीच्या पुस्तिकेत साइन, कोसाइन, टॅन यांच्या लॉगचीही पाने असतात. वर्गात ती सहसा उघडली जात नाहीत. दहावीच्या उन्नत कोनाच्या उदाहरणांत कोन बहुधा 30, 45 किंवा 60 अंशांचेच येतात आणि √3 ची किंमत 1.73 घेतली की काम भागते. पण प्रत्यक्ष झाड असे सोयीचे कोन देत नाही. झाडापासून 24.5 मीटरवर उभे राहून, डोळ्याच्या पातळीपासून शेंड्याचा उन्नत कोन 38° आला असे समजू. उंची = 24.5 × टॅन 38°. 24.5 चा लॉग 1.3892. टॅन 38° चा लॉग सारणीत सापडतो तो अपूर्णांश .8928 आणि पूर्णांश ‘बार वन’, म्हणजे डोक्यावर रेघ दिलेला 1. बेरीज 1.2820; लॉगवरून मूळ संख्या देणाऱ्या अँटिलॉगच्या पानावर .282 समोर 1914, म्हणून 19.14 मीटर. त्यात डोळ्याची जमिनीपासूनची उंची मिळवायची.

या रेघेपाशीच मुले सर्वाधिक अडखळतात. टॅन 38° एकापेक्षा लहान, म्हणून त्याचा लॉग ऋण, साधारण −0.1072. तो तसाच लिहिला तर सारणीत शोधता येत नाही, कारण सारणीत सगळे अपूर्णांश धन आहेत. म्हणून त्याचे −1 + 0.8928 असे रूप करून ऋण चिन्ह फक्त पूर्णांशाला देतात. हे एवढे फळ्यावर मांडून दाखवल्याशिवाय ‘बार’ शिकवूच नये. नुसता नियम पाठ केलेला विद्यार्थी वजाबाकीत हमखास फसतो.

अभ्यासक्रमात त्रिकोणमिती आधी आणि लॉग नंतर, वेगळ्या इयत्तेत येतो. जन्माने मात्र ही एकाच घरची. स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने 1614 मध्ये छापलेली पहिली सारणी साइनच्या लॉगचीच होती. खगोलगणितातले साइनचे लांबलचक गुणाकार टाळण्यासाठी ती केली होती. 10 हा पाया रूढ केला हेन्री ब्रिग्जने. 1624 च्या त्याच्या ग्रंथात 1 ते 20,000 आणि 90,000 ते 1,00,000 या संख्यांचे लॉग 14 दशांश स्थळांपर्यंत आहेत. मधली पोकळी 1628 मध्ये आद्रियान व्लाकने भरली, पण 10 स्थळांपर्यंत.

लॉगचा उपयोग आकडेमोडीपुरता नाही. रसायनशास्त्रात द्रावणाचा पीएच लॉगनेच ठरतो: पीएच 3 चे द्रावण पीएच 5 च्या द्रावणापेक्षा हायड्रोजन आयनांच्या संहतीत 100 पट असते.