मार्शल योजना

दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या पश्चिम यूरोपच्या आर्थिक पुनरुत्थानासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १९४८ ते १९५१ या काळात राबविलेला साहाय्य-कार्यक्रम. ‘यूरोपीय पुनरुत्थान कार्यक्रम’ हे त्याचे अधिकृत नाव. तत्कालीन परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी ५ जून १९४७ रोजी हार्व्हर्ड विद्यापीठातील भाषणात ही कल्पना मांडली. त्यावरून तो मार्शल योजना या नावाने रूढ झाला.

१९४६–४७ चा हिवाळा यूरोपात असाधारण कडक होता. ब्रिटनमध्ये कोळशाअभावी कारखाने बंद ठेवावे लागले. धान्य, कोळसा, कापूस व यंत्रसामग्री अमेरिकेतूनच मिळण्यासारखी होती. परंतु ती विकत घेण्यास लागणारे डॉलर यूरोपीय राष्ट्रांजवळ नव्हते. फ्रान्स व इटली या देशांत कम्युनिस्ट पक्ष प्रबळ होते आणि मे १९४७ पर्यंत ते मंत्रिमंडळांतही होते. ग्रीस व तुर्कस्तान यांना मदत देणे यापुढे शक्य नाही, असे ब्रिटनने फेब्रुवारीत कळविल्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी १२ मार्च रोजी त्या दोन देशांसाठी काँग्रेसकडे ४० कोटी डॉलर मागितले. ट्रूमन यांची भाषा उघडपणे साम्यवादविरोधी होती. मार्शल यांनी मात्र आपले धोरण कोणत्याही देशाविरुद्ध नसून भूक व दारिद्र्य यांविरुद्ध आहे, असे सांगितले आणि योजना यूरोपीय राष्ट्रांनीच एकत्र येऊन आखावी, अशी अट घातली.

या अटीतच योजनेचे राजकारण सामावलेले होते. आमंत्रण रशियालाही होते. पण ते स्वीकारणाऱ्यास आपली साधनसामग्री व गरजा इतरांपुढे मांडाव्या लागणार होत्या आणि जर्मनीचे पुनरुत्थानही मान्य करावे लागणार होते. रशियाने नकार द्यावा, अशीच अनेक अमेरिकी धोरणकर्त्यांची अपेक्षा होती. पॅरिसच्या वाटाघाटींतून मोलोटोव्ह २ जुलै रोजी बाहेर पडले. चेकोस्लोव्हाकियाने आमंत्रण स्वीकारले होते. परंतु पंतप्रधान गोटवाल्ट व परराष्ट्रमंत्री मासारिक यांना मॉस्कोत स्टालिनची नापसंती ऐकावी लागली आणि १० जुलै रोजी तो स्वीकार मागे घेण्यात आला. पुढील फेब्रुवारीत प्राग येथे कम्युनिस्टांनी सत्ता काबीज केली. अमेरिकी काँग्रेसमधील खर्चाविरुद्धचा विरोध या घटनेने बराच ओसरला आणि ३ एप्रिल १९४८ रोजी ट्रूमन यांनी कायद्यावर स्वाक्षरी केली.

अंमलबजावणीसाठी आर्थिक सहकार्य प्रशासन स्थापन होऊन मोटार-उद्योगातील पॉल हॉफमन त्याचे प्रमुख झाले. एकूण मदत सु. १,३०० कोटी डॉलरची होती. ब्रिटनला सर्वांत मोठा वाटा मिळाला. त्याखालोखाल फ्रान्स, इटली व पश्चिम जर्मनी होते. मदतीचा बहुतांश भाग अनुदानरूप होता, तरी तो सामान्यतः रोख हाती पडत नसे. उदाहरणार्थ, अमेरिकेतून आलेल्या ट्रॅक्टरची किंमत फ्रेंच शेतकरी फ्रँकमध्ये चुकती करी. अमेरिकी उत्पादकाचे पैसे योजनेतून डॉलरमध्ये भागविले जात. फ्रँकची रक्कम सरकारच्या वेगळ्या खात्यात जमा होई व अमेरिकेच्या संमतीने खर्च केली जाई. या ‘काउंटरपार्ट’ निधीचा उपयोग फ्रान्सने मॉने योजनेनुसार वीज, कोळसा व रेल्वे यांत भांडवल गुंतविण्यासाठी केला. ब्रिटनने तो मुख्यतः सरकारी कर्ज कमी करण्यासाठी वापरला. एकच डॉलर अशा रीतीने दोनदा उपयोगी पडे आणि दुसऱ्या वेळी त्यावर अमेरिकेचा शब्द चाले.

१९५१ पर्यंत सहभागी राष्ट्रांचे औद्योगिक उत्पादन युद्धपूर्व पातळीपेक्षा सु. ३५ टक्क्यांनी वाढले. हे सर्व श्रेय डॉलरांना देणे मात्र अतिशयोक्त ठरेल. पुनर्बांधणी १९४७ पूर्वीच सुरू झाली होती, हे ॲलन मिलवर्ड या इतिहासकाराने दाखवून दिले आहे. मदतीचे प्रमाणही राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने थोडेच होते. आयात न थांबविता गुंतवणूक चालू ठेवता आली आणि १९४८ मधील यूरोपीय आर्थिक सहकार्य संघटना व १९५० मधील यूरोपीय देयता संघ यांमुळे आपापसांतील व्यापार मोकळा झाला, हा खरा लाभ. याची दुसरी बाजू म्हणजे यूरोपची फाळणी पक्की झाली; जानेवारी १९४९ मध्ये रशियाने पूर्व यूरोपसाठी कोमेकॉन ही संघटना उभारली.

आशियातही योजनेवर टीका झाली. नेदरलँड्सला मिळणाऱ्या मदतीमुळेच त्याला इंडोनेशियात युद्ध चालविणे परवडते, असा आक्षेप होता. डिसेंबर १९४८ मध्ये डचांनी पुन्हा लष्करी कारवाई केली, तेव्हा डच ईस्ट इंडीजसाठी राखलेली रक्कम अमेरिकेने रोखली. जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी नवी दिल्लीत इंडोनेशियाविषयी परिषद भरविली. वसाहत टिकविण्याच्या मोबदल्यात सबंध मदतच गमावण्याची भीती डचांना वाटू लागली व त्या वर्षाअखेर इंडोनेशियाला सत्ता सोपविण्यात आली.

कोरियन युद्ध सुरू झाल्यानंतर मदतीचा रोख शस्त्रसज्जतेकडे वळला. १९५१ च्या परस्पर सुरक्षा कायद्याने आर्थिक व लष्करी साहाय्य एकाच यंत्रणेखाली आणले आणि त्या वर्षाअखेर आर्थिक सहकार्य प्रशासन बंद झाले. मार्शल यांना १९५३ चे शांतता नोबेल पारितोषिक मिळाले. यूरोपीय आर्थिक सहकार्य संघटनेचे १९६१ मध्ये आर्थिक सहकार्य व विकास संघटनेत रूपांतर झाले.