पुरुषांच्या चेहऱ्यावरचे काळे डाग : आधी ओळख, मग मलम

उज्जैन : फ्रीगंजमधल्या टावर चौकात भर दुपारी दहा मिनिटे उभे राहिले, तरी माळव्यातले ऊन काय असते ते कळते. माल उतरवून घेणारे, दुचाकीवरून वसुलीला फिरणारे, रिक्षावाले, हातगाडीवाले असे बहुतेक पुरुषच तिथे दिसतात आणि डोक्यावर टोपी क्वचितच असते. अशा माणसाच्या कपाळावर, गालांवर, हातांच्या मागच्या बाजूला चाळिशी-पन्नाशीत तपकिरी-काळे डाग उठू लागतात. घरात कोणीतरी म्हणते, "वय झालं आता," आणि विषय तिथेच संपतो. नाहीतर मेडिकलमधून एखादी ट्यूब येते. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. हे डाग वयापेक्षा उन्हाचे जास्त असतात आणि दिसायला सारखे असले तरी सगळे एकाच जातीचे नसतात.

डाग नेमका कुठला?

उन्हाचे डाग : सपाट, तपकिरी, कडा स्पष्ट. मसुराच्या दाण्यापासून नाण्याएवढे. यांनाच 'वयाचे डाग' म्हणतात.

वांग : दोन्ही गाल, कपाळ, नाक यांवर साधारण सारखाच पसरलेला काळपटपणा. मध्य प्रदेशात याला झाई म्हणतात. हा बायकांचा त्रास समजला जातो, पण उन्हात काम करणाऱ्या पुरुषांनाही होतो.

उंचवट्याचे डाग : मेण चिकटवल्यासारखे, खरखरीत, चामखिळीसारखे. बहुधा निरुपद्रवी. मलमाने जात नाहीत, डॉक्टर काढून देतात.

मानेवरचा, काखेतला मखमली काळेपणा : हा मळ नाही, घासून निघत नाही. वाढलेले वजन आणि मधुमेहाची सुरुवात यांच्याशी त्याचा संबंध असतो. क्रीम घेण्याआधी रक्तातली साखर तपासावी.

कलपाचा काळेपणा : कानशिले, कपाळाची कड, मिशीच्या आजूबाजूला. केसांच्या कलपात आणि 'काळ्या मेंदी'त पीपीडी नावाचे रसायन असते. ते न सोसल्यास आधी खाज येते, मग कातडी काळवंडते.

ऊन एवढे का लागते?

उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी जवळ आहे. २१ जूनच्या सुमारास भर दुपारी सूर्य जवळपास थेट डोक्यावर येतो आणि इथल्या जुन्या वेधशाळेत सावली नाहीशी होताना पाहायला लोक जमतात. महाराष्ट्रात हाच प्रकार मे महिन्यातच सुरू होतो. सूर्य जितका डोक्यावर, तितके अतिनील किरण जास्त. त्यांच्यापासून बचाव म्हणून कातडी मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करते. वर्षानुवर्षे हे चालले, की काही ठिकाणी रंगद्रव्य कायमचे साठते आणि डाग उमटतो.

काचेमागे बसले म्हणजे सुटलो, असेही नाही. काच एका जातीचे किरण बरेचसे अडवते, पण अतिनील 'ए' किरण खिडकीच्या साध्या काचेतून आत येतात. अमेरिकेतल्या २८ वर्षे ट्रक चालवलेल्या एका ड्रायव्हरचा फोटो २०१२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी दिसत होती. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून इथल्या ड्रायव्हरने उजवा गाल आणि उजवा हात जपावा.

विचारून घेतलेली ट्यूब

"डागावर काहीतरी द्या," म्हटले की पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेली क्रीम हातात पडते. आठवडाभरात चेहरा उजळतो, म्हणून माणूस महिनोन्‌महिने लावत राहतो. मग कातडी पातळ होते, लाल रेषा दिसतात, पुळ्या येतात आणि क्रीम थांबवताच चेहरा भडकतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक स्टेरॉइड क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केला. तरी ती सहज मिळतात. आधीच वापरत असाल तर अचानक बंद न करता डॉक्टरांना दाखवून हळूहळू सोडावी.

बिनलेबलच्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा असू शकतो. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींना अशा क्रीमनंतर मूत्रपिंडाचा त्रास झाल्याचे २०२३ मध्ये समोर आले. तपासणीत क्रीममध्ये पारा सापडला होता. उत्पादकाचे नाव, पत्ता, बॅच नंबर नसलेली डबी घरात आणूच नये.

लिंबू चोळून उन्हात जाणे, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट हे उपायही नकोत. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की कातडी भाजते आणि नवा डाग पडतो.

डॉक्टरांकडचे उपचार

ॲझेलेइक ॲसिड, रात्री लावायचे ट्रेटिनॉइन, ठराविक महिनेच वापरायचे हायड्रोक्विनोन ही नेहमीची औषधे. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षे लावले तर कातडी उलट निळसर-काळी पडते. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. केमिकल पील, लेझर, गोठवून डाग काढणे हेही पर्याय आहेत. पण सावळ्या कातडीवर जोर जास्त झाला तर पांढरा किंवा आणखी काळा डाग मागे राहतो, म्हणून ते त्वचारोगतज्ज्ञाकडेच करावेत, सलूनमध्ये नाही. वांग पूर्ण गेला तरी ऊन लागले की परत येतो.

रोज काय करावे?

• एसपीएफ ३० किंवा जास्त आणि 'ब्रॉड स्पेक्ट्रम' लिहिलेले सनस्क्रीन घ्यावे. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर मावेल एवढे लावावे. कान आणि टक्कल विसरू नये.
• बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत लावावे. घामाने ते निघून जाते.
• सकाळी १० ते दुपारी ४ रुंद काठाची टोपी, उपरणे किंवा गमछा, पूर्ण बाह्यांचा शर्ट.
• दाढीनंतर तुरटी किंवा आफ्टरशेव्ह झोंबत असेल तर बंद करावे. जळजळीनेही डाग पडतात.
• अंग घासायला नायलॉनची घासणी नको.

इथे वाट पाहू नये

डाग झपाट्याने वाढतोय, कडा वेड्यावाकड्या आहेत, एकाच डागात दोन-तीन रंग दिसतात, रक्त येते, किंवा महिनाभरात न भरणारी जखम आहे, तर लगेच दाखवावे. आपल्याकडे त्वचेचा घातक कर्करोग तळपाय आणि नखाखालीही लपतो. फिकट किंवा लालसर चट्टा बधिर असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करावी. सरकारी दवाखान्यात त्याचे औषध मोफत आहे आणि आजार पूर्ण बरा होतो.

जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग ओपीडीत जाताना आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या ट्यूब आणि कलपाचे पाकीट सोबत न्यावे. काय लावले होते ते कळले, की डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते.