बिग रिव्हर मॅन

बिग रिव्हर मॅन (२००९) : स्लोव्हेनियाचा लांब पल्ल्याचा जलतरणपटू मार्टिन स्ट्रेल २००७ साली पेरूतील अतालाया गावापासून ब्राझीलमधील बेलेम शहरापर्यंत ॲमेझॉन नदी पोहत गेला. या मोहिमेवरचा हा पूर्ण लांबीचा माहितीपट आहे. दिग्दर्शन अमेरिकन चित्रपटकार जॉन मॅरिंग्विन याचे असून निवेदन मार्टिनचा मुलगा बोरुत स्ट्रेल याच्या आवाजात आहे. २००९ च्या सनडान्स महोत्सवात जागतिक माहितीपट विभागातील छायाचित्रणाचे पारितोषिक या चित्रपटाला मिळाले. विक्रमाची हकिगत सांगता सांगता तो एका वेगळ्याच प्रश्नाला हात घालतो : एखादा माणूस अशा झपाट्यात सापडला, की त्याच्या सोबत्यांनी त्याला साथ द्यायची की आवरायचे?

मार्टिन स्ट्रेल. जन्म १ ऑक्टोबर १९५४, मोक्रोनोग (तत्कालीन युगोस्लाव्हिया, आता स्लोव्हेनिया). पोहणे तो लहानपणी आपले आपणच शिकला. लांब पल्ल्याच्या जलतरणाकडे वळण्यापूर्वी त्याने गिटार शिकवण्याचे कामही केले. १९९२ मध्ये त्याने आपल्याच प्रदेशातील १०५ किमी. लांबीची क्रका नदी २८ तासांत पोहून काढली आणि पुढच्या वर्षी कोल्पा नदी. २००० साली डॅन्यूब (३,००४ किमी., ५८ दिवस), २००२ साली मिसिसिपी (सुमारे ३,८०० किमी., ६८ दिवस), २००३ साली पाराना आणि २००४ साली चीनमधील यांगत्से (४,००३ किमी., ५१ दिवस) अशा एकेक मोठ्या नद्या त्याने अंगावर घेतल्या. या प्रत्येक मोहिमेला तो शांतता, मैत्री आणि स्वच्छ पाणी यांच्या संदेशाची जोड देत असे. ॲमेझॉनच्या मोहिमेत वर्षावनाची तोड हा विषय अग्रभागी होता.

ॲमेझॉनमध्ये उतरला तेव्हा तो ५२ वर्षांचा होता. पोट सुटलेले, रक्तदाबाची तक्रार, आहार दांडगा. घोड्याच्या मांसाचे बर्गर त्याच्या आवडीचे. दोलेन्यस्का या त्याच्या मुलुखात तांबड्या आणि पांढऱ्या द्राक्षांच्या मिश्रणातून 'त्स्विचेक' नावाची हलकी, आंबटसर वाइन बनते. ती त्याच्या रोजच्या जेवणात असेच, पण मोहिमांतही असे. खेळाडूविषयीच्या रूढ कल्पनेत न बसणारी ही वल्ली आहे. चित्रपट तिची टिंगल करत नाही. अशा देहात एवढी चिकाटी कोठून येते, हे तो आस्थेने न्याहाळतो.

ॲमेझॉनची मोहीम. उरुबांबा आणि तांबो या नद्यांच्या संगमातून उकायाली नदी तयार होते. अतालाया गाव या संगमाजवळ आहे. उकायाली पुढे मारान्योन नदीला मिळते आणि तेथून ॲमेझॉनचा मुख्य प्रवाह सुरू होतो. स्ट्रेलने १ फेब्रुवारी २००७ रोजी अतालायाहून सुरुवात केली आणि ६६ दिवसांत ५,२६८ किमी. अंतर कापून एप्रिलच्या पहिल्या आठवड्याअखेर तो बेलेमजवळ पोहोचला. रोजची सरासरी ८० किमी.च्या घरात जाते. भागीरथी नदीवर मुर्शिदाबाद जिल्ह्यात होणारी ८१ किमी.ची स्पर्धा लांब पल्ल्याची म्हणून भारतीय जलतरणपटूंना परिचित आहे. जवळपास तेवढे अंतर स्ट्रेल दोन महिन्यांहून अधिक काळ रोज पोहत होता.

या आकड्यामागचे गणित नदीचे आहे. माणूस स्थिर पाण्यात तासन्‌तास पोहत राहिला, तर ताशी तीनेक किमी.चा वेग टिकवू शकतो. उरलेला वेग प्रवाह देतो. म्हणून चांगला सहायक पात्राच्या मधोमध वाहणारी जोराची धार शोधतो आणि पोहणाऱ्याला तिच्यात ठेवतो. धार चुकली की दिवसाचे कितीतरी किलोमीटर हातचे जातात. धार सापडली, तरी तिच्यातूनच उन्मळून आलेले ओंडके वाहत येतात आणि दोन प्रवाह भेटतात तेथे भोवरे असतात. ॲमेझॉनला अफाट पाणी असते. मुखापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या ओबिदुसपर्यंत समुद्राच्या भरती-ओहोटीचा परिणाम जाणवतो. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात भरतीच्या वेळी तीच नदी पोहणाऱ्याला मागे रेटते.

पिरान्हा, केमन मगरी, गोड्या पाण्यात वर चढणारे बुल शार्क आणि शरीरात शिरण्याची ख्याती असलेला बारीक कांदिरू मासा यांची धास्ती पथकाला होती. पिरान्हांचे लक्ष दुसरीकडे वळवण्यासाठी नावेवर रक्ताच्या बादल्या ठेवल्या होत्या. प्रत्यक्षात स्ट्रेलला अधिक छळले ते उन्हाने. विषुववृत्तालगतचे ऊन आणि पाण्यावरून परतणारी त्याची तिरीप यांनी चेहरा भाजून निघाला. मलमाचा जाड थर पुरेना, तेव्हा डोळे आणि तोंड यांपुरती भोके पाडलेले पांढरे कापड त्याने मुखवट्यासारखे चेहऱ्यावर चढवले. पाण्याबाहेर फक्त ते पांढरे कापड आणि आळीपाळीने वर येणारे दोन हात दिसतात. हे दृश्य चित्रपटाची ओळख बनले आहे. वाटेत गुलाबी डॉल्फिनही त्याच्या सोबतीला येत.

अखेरच्या दिवसांत चक्कर, मळमळ, जुलाब आणि वाढलेला रक्तदाब यांनी त्याला घेरले. पोहणे थांबवण्याचा वैद्यकीय सल्ला असतानाही तो पाण्यात उतरत राहिला. ऊन टाळण्यासाठी तो रात्रीही पोहला. काठाला लागला तेव्हा त्याला आधार देऊन उभे करावे लागले आणि चाकांच्या खुर्चीत बसवून नेण्यात आले.

चित्रपटाची रचना. मॅरिंग्विनने याआधी स्वतःच्या वडिलांवर 'रनिंग स्टंबल्ड' (२००६) हा माहितीपट केला होता. बाप आणि मुलगा यांच्यातील ताण हा त्याच्या परिचयाचा विषय होता. 'बिग रिव्हर मॅन'चा कणाही तोच आहे. सुरुवातीचा भाग स्लोव्हेनियात घडतो. बोरुत हा वडिलांचा व्यवस्थापक, वाहनचालक, दुभाषा आणि प्रवक्ता. दूरध्वनीवर मुलाखत मागणाऱ्याशी तो मार्टिन असल्याच्या थाटात बोलतो. हसू आणणारा हा प्रसंग पुढच्या सगळ्या कथेची किल्ली आहे. वडिलांच्या वतीने बोलता बोलता मुलाला स्वतःचा आवाज कोणता, हे ठरवावे लागते. निवेदनही त्याचेच असल्याने प्रेक्षक मार्टिनकडे सतत मुलाच्या नजरेने पाहतो. त्या नजरेत अभिमान, काळजी आणि थकवा एकत्र असतात.

नावेवरचा तिसरा महत्त्वाचा माणूस म्हणजे विस्कॉन्सिनचा मॅथ्यू मोल्के. मिसिसिपीच्या मोहिमेपासून तो स्ट्रेलच्या सोबत होता आणि ॲमेझॉनवर मार्ग दाखवण्याचे काम त्याच्याकडे होते. या मोहिमेवरील पुस्तकही त्याने स्ट्रेलबरोबर लिहिले. तो पेशाने नदीवाटाड्या नव्हता. दिवस जातात तसतसे त्याचे बोलणे नकाशा आणि प्रवाहावरून गूढाकडे सरकते. पोहणारा माणूस त्याला जणू अवतारी पुरुष भासू लागतो. एकाचा झपाटा संसर्गासारखा दुसऱ्याला कसा जडतो, हे चित्रपटाने फार जवळून टिपले आहे.

दृश्य आणि ध्वनी. मोहिमेसोबत प्रवास करत घेतलेली ही दृश्ये मोजक्या माणसांची आणि साध्या साधनसामग्रीची आहेत. कॅमेरा बऱ्याचदा पाण्याच्या पातळीलगत असतो. त्यामुळे नदीचा दुसरा काठ दिसत नाही आणि पोहणाऱ्याला जाणवणारी अथांगता प्रेक्षकाला जाणवते. स्ट्रेलचे मन भरकटू लागते, तशी प्रतिमांची मांडणीही सुटी आणि स्वप्नवत होत जाते. समीक्षकांनी या शैलीचे नाते वेर्नर हेरझॉगच्या 'अगीर' (१९७२) आणि 'फिट्झकराल्डो' (१९८२) या चित्रपटांशी जोडले. भूगोलही याला दुजोरा देतो : 'फिट्झकराल्डो'चे बरेच चित्रीकरण ज्या उरुबांबेच्या खोऱ्यात झाले, तिच्याच संगमापासून स्ट्रेलने पोहायला सुरुवात केली.

मूल्यमापन. क्रीडाविषयक माहितीपटांचा ठरीव साचा तयारी, अडचण आणि विजय असा असतो. येथे विजय मिळतो, पण तो पाहताना आनंदापेक्षा धाकधूक अधिक वाटते. दिग्दर्शकाने काही प्रसंग नाट्यमय केले असावेत, अशी शंका घेण्यास चित्रपटाच्या शैलीमुळे वाव आहे. वर्षावनाचा संदेशही व्यक्तीच्या कहाणीमागे पडतो. ही त्याची मर्यादा मानावी लागेल. मात्र माणसाच्या देहाचा हट्ट, त्या हट्टाची किंमत आणि ती किंमत वाटून घेणारी माणसे यांचे इतके प्रामाणिक चित्रण दुर्मीळ आहे. पट्टीचा पोहणारा एकटा पोहतो, अशी आपली समजूत असते. हा चित्रपट ती मोडतो. धार शोधणारा, भाकरी देणारा, चेहऱ्याला मलम लावणारा, वडिलांऐवजी जगाशी बोलणारा असे अनेक हात त्या दोन हातांमागे असतात.

मोहिमेनंतर स्ट्रेल पितापुत्रांनी हौशी जलतरणपटूंसाठी खुल्या पाण्यातील पोहण्याच्या सहली भरवण्याचा व्यवसाय उभा केला. ६६ दिवस नावेतून वडिलांकडे डोळे लावून बसलेला बोरुत आता इतर पोहणाऱ्यांच्या सोबतीला असतो. पोहणाऱ्यावर नजर ठेवण्याचे जे काम ॲमेझॉनवर त्याच्या वाट्याला आले, तेच त्याचा पेशा झाले.