चायनीजच्या गाडीची कुळकथा

नांदेड असो वा लातूर, दिवेलागण झाली की रस्त्याच्या कडेला ‘चायनीज’ अशी पाटी लावलेली गाडी उभी राहते. मोठ्या जाळावर लोखंडी कढई तापते, कोबी-गाजराचे काप तडतडतात आणि भोवती तरुण मंडळींचा घोळका जमतो. इतिहासाच्या व्याख्यानात या गाडीचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु राजांच्या मोहिमा जशा सनदांतून कळतात, तसे सामान्य माणसांचे प्रवास पुष्कळदा कढईतूनच कळतात.

या गाडीचे मूळ शोधू लागलो की आपण एकदम चीनला पोहोचत नाही. वाटेत कलकत्ता लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस, वॉरन हेस्टिंग्जच्या अमदानीत, तोंग अच्यू नावाचा चिनी गृहस्थ बंगालमध्ये आला. हुगळीकाठी त्याने ऊस लावला आणि साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावाचे अचिपूर आजही तेथे आहे. मागून सुतार आले, कातडी कमावणारे हक्का लोक आले, दंतवैद्य आले. तिरेट्टी बाजार आणि टांग्रा या वस्त्या त्यांनी वसविल्या. मुंबईतही माझगावला अशी वस्ती होती. तिचे लहानसे देवालय अजून उभे आहे.

या लोकांनी देश सोडला, पण चूल सोडली नाही. मात्र गिऱ्हाईक येथले. त्याच्या जिभेसाठी हिरवी मिरची आली, आले-लसूण वाढले. १९७५ च्या सुमारास मुंबईत ‘मांचुरियन’ जन्मले. त्याचे श्रेय कलकत्त्याच्या चिनी कुटुंबातील नेल्सन वाँग यांना दिले जाते. मांचुरियाशी या पदार्थाचे नाते केवळ नावापुरते! तेथून तो गावोगावच्या गाड्यांवर पसरला आणि आमच्या मराठवाड्यात येईपर्यंत पुरता तिखट झाला.

चीनचे आणखी एक देणे तर आपल्या शेतातच आहे. ज्याच्या सोयाबीनमुळे लातूरचा बाजार आज गजबजतो, ते पीक मूळचे चीनचे. गाडीवरच्या काळ्या सॉसचेही मूळ तेच. आपण ते पेरतो, विकतो आणि आपले म्हणतो. त्यात गैर काहीच नाही.

पण अन्नाला जे आपलेपण लाभले, ते माणसांना लाभले काय? १९६२ मध्ये चीनशी युद्ध झाले आणि आसाम, शिलाँग, दार्जिलिंग या भागांतील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवलीच्या छावणीत नेऊन ठेवण्यात आले. त्यांत म्हातारी माणसे होती, मुले होती. कित्येकांचा जन्मच येथला होता. काहींची सुटका होण्यास वर्षे लागली. कलकत्त्यात राहिलेल्यांच्या हिंडण्याफिरण्यावर बंधने आली. मग अनेक कुटुंबे कॅनडासारख्या देशांत निघून गेली. वस्त्या ओसरल्या, पदार्थ मात्र वाढतच गेले.

याच्या शेजारी नांदेडचे उदाहरण ठेवून पाहावे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी गोदाकाठी देह ठेवला. पुढे १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंगांनी तेथे सचखंड गुरुद्वारा बांधविला. दूर पंजाबातून आलेली शीख घराणी येथे रुजली, आणि आज त्यांना परके म्हणणे कोणाच्या मनातही येत नाही. तेथील लंगरात आलेल्याची जात वा गाव विचारले जात नाही. त्याला पंगतीत बसविले जाते. हा ‘पंगत’ शब्द पंजाबीतही आहे आणि मराठीतही आहे.

गाडीजवळ आपण उभ्या-उभ्या खातो आणि पैसे देऊन निघून जातो. पंगतीत मात्र शेजारी कोण बसला आहे, हे पाहावेच लागते. म्हणून एखाद्या पदार्थाचे मूळ गाव विचारताना, तो घेऊन आलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हेही इतिहासाच्या अभ्यासकाने विचारले पाहिजे; आणि खाणारानेही.